सत्तेचाळीस सेकंदांची बातमी

चिक्कनाळच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या भिंतीवर टीव्ही बसला आणि सयाजी वाघमोडे सरांच्या वर्गातली गैरहजेरी जवळजवळ संपली. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं ते गाव. ज्वारीच्या सुगीत पोरं रानात जायची आणि शाळा अर्धी रिकामी पडायची, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. सरांनी ते मोडलं. सकाळच्या परिपाठाला ते रेडिओवर बातम्या लावत. पोरं त्यातले मथळे वहीत उतरवून घेत आणि भूगोलाच्या तासाला त्यातली गावं नकाशावर शोधत. टीव्हीवर त्यांनी ज्वालामुखी दाखवला, धडधडणारं हृदय दाखवलं, समुद्र दाखवला. धनगरवस्तीवरच्या मायाक्कानं समुद्र बघून विचारलं होतं, "सर, तिथली मेंढरं कुटं चरत्यात?" वर्ग खो खो हसला होता. सर हसले नाहीत. ते मूळचे माळशिरसकडचे, मेंढपाळाच्याच घरातले. असा प्रश्न कुठून येतो ते त्यांना ठाऊक होतं.

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा त्यांनी पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. शाळा उघडल्या तरी तो ग्रुप चालूच राहिला. पोरांचे फोटो, कविता, प्रयोग असं काहीबाही सर त्यावर टाकत. तालुक्यात त्यांचं नाव झालं. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक त्यांचा वर्ग बघायला येऊ लागले.

फेब्रुवारीत, ज्वारीची काढणी तोंडावर असताना, पोरं पळवणाऱ्या टोळीची बोंब उठली. विजापूरकडून आली असं कुणी म्हणे, कुणी म्हणे सांगोल्याकडून. फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. रस्त्यावर एका बाईला माणसं मारत होती आणि खाली लिहिलं होतं, 'मुले पळविताना रंगेहाथ पकडली'. पाच-सहा पोरं शाळेत यायची बंद झाली. जी येत, त्यांच्याबरोबर काठी घेतलेला आजोबा येई.

सरांनी तो व्हिडिओ सरळ वर्गातल्या टीव्हीवर लावला, आवाज बंद करून. बाईला मारायचा भाग सुरू होण्याआधीच चित्र थांबवलं.

"मागच्या दुकानांच्या पाट्या बघा. कुठली लिपी आहे?"

पोरं पुढं सरकली. पाटी मराठी नव्हती, कानडी नव्हती, सोलापुरातल्या विणकर पेठेत दिसते तशी तेलुगूही नव्हती. सरांनी इंटरनेटवर शोधून तेच चित्र तीन वर्षांपूर्वीच्या एका बातमीत असल्याचं दाखवलं. दूरच्या राज्यातलं भांडण, तेही घरगुती.

"म्हंजे ह्यो खोटा हाय?" मायाक्का म्हणाली.

"व्हिडिओ खरा आहे. खाली लिहिलेलं खोटं."

त्या तासाला वर्ग असा रंगला की घंटा झालेली कुणाला कळली नाही. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं, हे सरांनी पुढं कितीदा तरी स्वतःशी म्हटलं. पण त्या दिवशी त्यांना वाटलं की खोटी बातमी कशी ओळखायची हे पोरांना कळलं, आता ती किती सहज बनते हेही त्यांच्या हातानं होऊन जाऊ दे. एकदा स्वतः बनवली की जन्मात कुणी फसणार नाही.

गुरुवारी त्यांनी वर्गातच बातमी तयार केली. मजकूर पोरांनी लिहिला. बातमी वाचायला मायाक्का, कारण तिचा आवाज खणखणीत, एकही शब्द अडखळत नसे. तिच्या मागं टीव्हीवर एका पांढऱ्या गाडीचं चित्र लावलं, खाली लाल पट्टी. पोरांनी लिहिलेला मजकूर सरांना थोडा सपक वाटला.

"ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काहीतरी उभं राहिलं पाहिजे," ते म्हणाले. "टोळीत एक बाई आणि एक तरुण, असं लिहा. आणि त्यांच्याजवळ मोठं पोतं."

मायाक्का कॅमेऱ्याकडं बघून बोलू लागली. "आताची मोठी बातमी. आपल्या भागात लहान मुले पळवणारी टोळी आली आहे. टोळीत एक बाई आणि एक तरुण आहे. त्यांच्याजवळ मोठे पोते असते. अनोळखी माणूस दिसताच सावध व्हा." मग ती हसली आणि म्हणाली, "ही बातमी खोटी आहे. ती आम्ही आमच्या वर्गात बनवली आहे. ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवू नका."

सरांनी मागं धडधडणारं संगीत घातलं. सगळं मिळून सत्तेचाळीस सेकंद भरले. टीव्हीवर लावलं तेव्हा वर्गात टाळ्या पडतील असं त्यांना वाटलं होतं. कुणीच टाळी वाजवली नाही. स्वतः फोन धरून चित्रण करणारी वैष्णवी रडायला लागली.

"अगं, तूच तर केलंस ना हे?" सर म्हणाले.

"व्हय सर," ती डोळे पुसत म्हणाली. "पर भ्या वाटतंय."

सरांनी तिची समजूत घातली आणि संध्याकाळी बातमी पालकांच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'इयत्ता सातवीचा उपक्रम. शेवटपर्यंत पाहा.'

शनिवारी सकाळी माळशिरसहून त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, तुमच्याकडं पोरं पळवायला लागलेत म्हणं? व्हिडिओ आलाय बघा. ताईला आन् पोरांना हिकडं लावून द्या."

मेहुण्यानं पाठवलेला व्हिडिओ सरांनी उघडला. अडतीस सेकंद. मायाक्काचा चेहरा नव्हता. कुणीतरी फक्त गाडीचं चित्र आणि लाल पट्टी ठेवली होती आणि त्यावर तिचा आवाज. 'सावध व्हा' म्हणून आवाज तुटत होता. शेवटचे नऊ सेकंद गेले होते. खाली लिहिलं होतं, 'मंगळवेढा तालुक्यातील सत्य घटना. आपल्या लेकरांसाठी पुढे पाठवा.'

सरांनी लगेच ग्रुपवर खुलासा टाकला. नव्वद जणांनी तो पाहिला, उत्तर एकाचंही नाही. मग त्यांनी मुख्याध्यापक अजिनाथ सरांना फोन लावला.

"आधी तो मूळ व्हिडिओ काढून टाका," अजिनाथ सर म्हणाले. "खुलासाबिलासा काही करू नका. वरच्या साहेबांच्या कानावर गेलं तर चौकशी लागेल. तुमचीही आणि माझीही. दोन दिवसांत लोक विसरतील."

सरांनी ऐकलं. ग्रुपवरून बातमीही काढली आणि खुलासाही. पूर्ण बातमी तेवढी शाळेतल्या पेन ड्राइव्हमध्ये राहिली.

सोमवारी ते शाळेला निघाले तेव्हा पारावर बारा-पंधरा गडी बसलेले होते. सुगीच्या दिवसांत इतक्या सकाळी पारावर कुणी नसतं. प्रत्येकाच्या हाताशी काहीतरी होतं, काठी, कुऱ्हाडीचा दांडा, एकाकडं उसाचा कोयता. सरांना बघून ते उठून उभे राहिले, नेहमीसारखा नमस्कार केला.

"सर, तुमी लई चांगलं केलं," एकजण म्हणाला. "आमाला आदी सांगितलं."

"अरे, ती बातमी खोटी आहे. पोरांनी वर्गात बनवलेली."

तो माणूस हळूच हसला. "मग काढून कशापायी टाकली? पोलिसांनी सांगितलं आसंल, लोक घाबरत्यात म्हणून. आमाला कळतंय सर. तुमची नोकरी हाय."

सर बोलत राहिले आणि ती माणसं मान डोलवत राहिली. त्यांच्या बोलण्यावर कुणीही वाद घातला नाही. तेच सरांना जास्त भीतीदायक वाटलं.

वर्गात मायाक्का खाली मान घालून बसली होती. मधल्या सुट्टीत ती सरांच्या टेबलाशी आली.

"सर, आज्जी म्हणती, तू टोळी बघितलीस न्हवं का? मी म्हणलं न्हाय, आमी खोटं केलंय. तर ती म्हणती, पोरीला कुनीतरी दम दिलाय. काल बाजारात आप्पाला लोकांनी गराडा घातला. तुमच्या पोरीनं कुटं बघितली, किती जण हुते, असं इचारत हुते."

"मग तुझे वडील काय म्हणाले?"

"आप्पा कायच बोलत न्हाईत." ती जायला वळली आणि पुन्हा फिरली. "सर, माजाच आवाज हाय. पर मी सांगितलेलं कुनी आयकंना."

सर त्या दुपारी सरपंच बापूसाहेबांकडं गेले. गावात दवंडी द्या, मी स्वतः पारावर उभा राहून सांगतो, म्हणाले. बापूसाहेब त्यांना चहा देऊन म्हणाले, "बगू की. काढणी झाली की लोक आपोआप गप व्हत्यात. आता कुनाला समजवाय गेलं तर माज्यावरच संशय घेतील." सर आणखी जोर लावू शकले असते. पोलीस ठाण्यात जाऊ शकले असते. पण चौकशीचं अजिनाथ सरांचं बोलणं त्यांच्या डोक्यात होतं. ते चहा संपवून घरी गेले.

मंगळवारी दुपारी खिचडी खाऊन पोरं वर्गात बसली आणि गावातून आरडाओरडा ऐकू आला. आधी सरांना वाटलं बैल उधळला असेल. मग पोरांच्या लक्षात आलं की ओरडणारी माणसं धावतायत आणि सगळी ग्रामपंचायतीकडं धावतायत. सरांनी पोरांना आत बसायला सांगितलं, दार लोटलं आणि तेही पळाले.

ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांपुढं दोनेकशे माणूस जमला होता. आडवी पडलेली एक मोटरसायकल आणि रस्ताभर विखुरलेली स्टीलची भांडी. वाट्या, तांबे, एक चेपलेला डबा. शेजारी एक पोतं फाडून टाकलेलं होतं आणि त्यातून बायकांचे केस बाहेर आले होते. विंचरताना गळालेले, गुंडाळून ठेवलेले. अशा केसांच्या बदल्यात भांडी देणारे लोक वर्षातून दोनदा या गावात यायचे. सरांच्या बायकोनंही त्यांच्याकडून वाटी घेतली होती.

"बाई आन् तरणा पोरगा," कुणीतरी ओरडत होतं. "आन् पोतं! सगळं तसंच हाय!"

गर्दीत कुणाच्या तरी फोनवर मायाक्काचा आवाज वाजत होता. 'त्यांच्याजवळ मोठे पोते असते.' संपला की पुन्हा पहिल्यापासून.

सर कोपरानं वाट काढत पायऱ्यांपाशी पोचले. लोखंडी जाळीचं दार बाहेरून लावलेलं होतं. आत फरशीवर एक पोरगा पडला होता. त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे रक्तामुळं कळत नव्हतं. त्याच्यावर एक म्हातारी ओणवी झाली होती आणि जाळीकडं हात जोडून एकच बोलत होती, "बेडरी यप्पा, बेडरी. नन्न मगा. नन्न मगा." नको रे बाबांनो, माझा मुलगा आहे. गावातल्या निम्म्या लोकांना कानडी कळत होतं.

बापूसाहेब कडेला फोन कानाला लावून उभे होते. "दोघांना आत घालून कुलूप लावलंय, पोलिसांना कळवलंय," ते म्हणाले. "पर गाडी याला पाऊण तास लागंल. ह्यांच्या आड कोन जाणार, सर? कुलूप तोडाय लागलेत."

सर पायरीवर चढले. "थांबा! ती बातमी मी बनवलीय! पोतं मी सांगितलं होतं लिहायला! शाळेत चला, पूर्ण दाखवतो!"

"सर, बाजूला व्हा," कुणीतरी शांतपणे म्हणालं आणि दोघांनी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. मारलं नाही. गुरुजी म्हणून अदबीनं उतरवलं. शाळेकडं एक माणूस वळला नाही. कुलपावर पहार बसू लागली.

आणि तेव्हा गर्दीच्या दुसऱ्या टोकाकडून तोच आवाज आला. फोनमधून नाही.

"आताची मोठी बातमी."

मायाक्का वर्गातून पळून आली होती. ग्रामपंचायतीच्या टाकीच्या कट्ट्यावर ती चढली होती आणि शाळेत उभी राहायची तशी हात मागं बांधून बोलत होती. शब्दाला शब्द, तोच चढ, तोच उतार. माणसं वळली. पहार थांबली. 'सावध व्हा' इथं आली आणि ती थांबली नाही. "ही बातमी खोटी आहे. ती आम्ही आमच्या वर्गात बनवली आहे." या वेळी ती हसली नाही. तिचा आवाज फाटला. "ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवू नका."

पुढच्या काही जणांनी खिशातले फोन काढून बघितले.

"मग आमच्या मोबाईलवर शेवटचं का न्हाई?" एकजण म्हणाला.

"कुणीतरी कापलं," सर म्हणाले.

"कुनी?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. ज्यानं कापलं तो त्या गर्दीतही असू शकत होता. एक-दोघं मागं सरकले. पण मागून कुणीतरी ओरडला, "पोरीला पढवलंय!" आणि एक दगड कट्ट्याच्या कडेला येऊन आपटला.

तेवढ्यात बिरप्पा, मायाक्काचा बाप, गर्दीतून पुढं आला. चार माणसांत तोंड न उघडणारा गडी. त्यानं पोरीला खाली उतरवलं, तिच्यावर आपलं घोंगडं टाकलं आणि तिला घेऊन तसाच जाळीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"माजी पोरगी खरं बोलतीया," तो म्हणाला. "दगूड टाकायचा तर आता टाका."

दगड आला नाही. लोक गेलेही नाहीत. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती दोनशे माणसं आणि दारातली ती दोघं समोरासमोर उभी राहिली. सर त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. मागं म्हातारीचं कण्हणं चालू होतं.

पोराचं नाव शरणबसव. त्याला सोलापूरच्या दवाखान्यात हलवलं. जबडा मोडला होता, डावा डोळा गेला होता. तिसऱ्या दिवशी सर तिथं गेले. त्याची आई चंद्रव्वा बाहेरच्या बाकावर बसली होती. कपाळावर टाके. सरांनी आपण कोण ते सांगितलं, काही लपवलं नाही. ती मोडक्यातोडक्या मराठीत बोलली.

"तू मास्तर?"

"व्हय."

"बातमी पोरीनं वाचली. मला पोलीस सांगितला." ती त्यांच्याकडं बघत राहिली. "पोतं कुनी घातलं तिच्यात?"

"मी," सर म्हणाले.

तिनं तोंड फिरवलं. "होग्री," ती म्हणाली. जा. सर तरी थोडा वेळ उभे राहिले, मग गेले.

पोलिसांपुढं त्यांनी सगळं लिहून दिलं. बापूसाहेबांनी आधी सुचवलं होतं की व्हिडिओ बाहेरच्या कुणाचा म्हणून सांगा, शाळेचं नाव कशाला. सरांनी ऐकलं नाही. एकदा दुसऱ्याचं ऐकून काढून टाकलं होतं, तेवढं पुरे झालं. ते निलंबित झाले. गावातल्या आठ माणसांना अटक झाली. त्यांच्या घरच्या बायका सर दिसले की दार लावून घेत. कापणारा कोण ते सापडलं नाही.

बिरप्पानं त्या वर्षी मेंढरं लवकर बाहेर काढली. भीमेच्या काठाकाठानं मेंढरांचा वाडा हलवत तो निघून गेला आणि मायाक्काला बरोबर घेऊन गेला. सर विचारत विचारत त्यांच्या वाड्यावर पोचले. सातवीची पुस्तकं बरोबर नेली होती. मायाक्कानं ती घेतली, पण आधी दुसरंच विचारलं.

"सर, त्यो आवाज अजून फिरतोय का?"

खोटं सांगावं असं सरांच्या मनात आलं. "फिरतोय," ते म्हणाले.

"कुटं?"

"कालपर्यंत तीन जिल्ह्यांत."

तिनं पुस्तकं कापडात गुंडाळून ठेवली आणि ती मेंढरांकडं गेली. ती परीक्षेला बसेल असं बिरप्पानं कबूल केलं आणि ती बसलीही. पण वर्गात मोठ्यानं वाचायला सांगितलं तर ती उभी राहते आणि तशीच उभी राहते, असं नंतरच्या शिक्षकांनी सरांना कळवलं.

चार महिन्यांनी सरांना पुन्हा कामावर घेतलं, दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत. तिथंही टीव्ही होता. त्यांनी तो लावला, पण बातम्या बनवणं सोडून दिलं. रोज सकाळी परिपाठाआधी ते एक काम करत. व्हिडिओ आता कुठल्या गावाच्या नावानं फिरतोय ते शोधत, मग त्या भागातल्या पोलीस ठाण्याला आणि जवळच्या शाळेला फोन करत. नाव सांगत, झालेलं सांगत, पूर्ण सत्तेचाळीस सेकंद पाठवत. कुणी ऐकून घेई, कुणी मधेच फोन ठेवी.

सप्टेंबरातल्या एका सकाळी तो मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या नावानं आला. सरांनी तिथल्या ठाण्याचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर एका हवालदारानं उचलला.

"मी सोलापूर जिल्ह्यातून बोलतोय, शिक्षक आहे," सर म्हणाले. "तुमच्याकडं मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ फिरतोय. तो खोटा आहे. मीच बनवला होता."

पलीकडं माणसांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी कुणाला तरी नाव विचारत होतं आणि एक बाई उत्तर न देता नुसती रडत होती.

"थांबा जरा, सर," हवालदार म्हणाला. "दारात लोक जमलेत."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो बंद केला नव्हता. सर शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून तो गलका ऐकत राहिले. समोर पोरं परिपाठाला रांगेत उभी राहिली होती.